हाकेच्या अंतरावर

तूर फुलावर आली, चण्याला घाटे धरू लागले की वर्धा जिल्ह्यातल्या शेतांत रात्रीची वस्ती वाढते. दिवसभर राबलेली माणसं जेवण आटोपून जागलीला जातात. एखादं मचाण नाहीतर खोपडी, अंगावर घोंगडं किंवा जुनं जॅकेट, हातात टॉर्च, वाजवायला रिकामा डबा, सोबतीला कुत्रं. रानडुकरांचा कळप शिरला तर एका रात्रीत चण्याचा तुकडाच्या तुकडा उकरून काढतो. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप आला तर उभी तूर आडवी होते. म्हणून मधूनमधून हाळी द्यायची. एकाने दिली की दोन शेतं पलीकडून दुसरा प्रतिसाद देतो, त्याच्या पलीकडून तिसरा. जनावर पळावं म्हणून हे ओरडणं आहेच, पण त्यात आणखी एक काम होऊन जातं. शेजारचा जागा आहे आणि धड आहे, हे कळतं. सेलू आणि कारंजा तालुक्यांच्या ज्या भागात बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल शेताला लागून आहे, तिथे या दुसऱ्या कामाला जिवाचं मोल आहे.

गेल्या काही वर्षांत या कामाला यंत्र आलं. बॅटरीवर चालणारा भोंगा आणि त्यात भरून ठेवलेले आवाज: कुत्र्यांचं भुंकणं, वाघाची डरकाळी, फटाक्यांची माळ, माणसाची आरडाओरड. संध्याकाळी बटण दाबायचं आणि घरी येऊन झोपायचं. सोय मोठी आहे आणि तिला नावं ठेवण्याचा अधिकार शहरात पंख्याखाली झोपणाऱ्याला नाही. पण डुकरं मूर्ख नसतात. रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून, त्याच सुरात डरकाळ्या फोडणारा वाघ कधीच कोणाच्या अंगावर येत नाही, हे त्यांच्या काही दिवसांत लक्षात येतं. मग शेतकरी आवाज वाढवतो. शेजाऱ्याच्या शेतातली डुकरं आपल्याकडे वळू नयेत म्हणून शेजारीही भोंगा आणतो. काही रात्रींनी शिवारात चार दिशांनी चार यंत्रं एकमेकांवर भुंकू लागतात आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात अजून कोणी जागलीला बसला असेल, तर त्याची हाक कोणापर्यंत पोचत नाही.

ध्वनिप्रदूषण म्हटलं की मुंबईचे सिग्नल, पुण्यातली विसर्जन मिरवणूक किंवा दिवाळीतले बाँब आठवतात. खेडं या चित्रात नसतं. खेडं शांत असतं, अशी शहरातल्या माणसाची समजूत असते आणि सुटीत चार दिवस तिथे राहून तो ती पक्की करून परततो. खरी गोष्ट अशी, की खेडं शांत असतं म्हणूनच तिथे आवाज जास्त नुकसान करतो.

यामागे साधं पदार्थविज्ञान आहे. वैशाखातल्या दुपारी वर्ध्याची जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, आणि अशा हवेत आवाज वरच्या दिशेने वळून निघून जातो. हिवाळ्याच्या रात्री उलट घडतं. जमीन थंड पडते, तिच्यालगत गार हवेचा थर बसतो, वर तुलनेने उबदार हवा राहते, आणि वर जाणारा आवाज खाली वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. म्हणून दुपारी गावच्या वेशीपर्यंतही न पोचणारं भजन डिसेंबरच्या रात्री नदीपलीकडच्या गावात शब्दासकट ऐकू येतं. दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. शहरातली रात्रसुद्धा गुरगुरत असते, त्या गुरगुरीत बरंच काही बुडून जातं. शिवारातल्या रात्री तीस-पस्तीस डेसिबलच्या आसपास असतात. डेसिबलचं माप चढत्या श्रेणीचं आहे, दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी, की भोवतालचा गलका सहा डेसिबलने वाढला तर हाक ऐकू येण्याचं अंतर निम्म्यावर येतं. बारा डेसिबल वाढला तर चौथ्या हिश्श्यावर.

कायद्याच्या पुस्तकात मात्र शेत नावाची जागाच नाही. केंद्र सरकारने १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषणाचे नियम अधिसूचित केले आणि देशाची वाटणी चार पट्ट्यांत केली: औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस, उरलेली रात्र. गावठाणाला निवासी धरलं तर रात्री ४५ डेसिबलपर्यंत सगळं माफ. जिथे मुळात तीस डेसिबलची रात्र आहे तिथे पंचेचाळीस म्हणजे सुमारे तीसपट ऊर्जा, पण कागदावर गुन्हा नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या कानात शहर होतं, एवढाच त्याचा अर्थ.

वर्धा जिल्ह्याचं आवाजाशी असलेलं नातं तसं जुनं आणि गुंतागुंतीचं. १९३६ साली गांधीजी सेगावला राहायला आले. त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. सोमवार त्यांचा मौनवार. कितीही मोठा पाहुणा आला तरी त्या दिवशी उत्तर कागदाच्या चिठोऱ्यावर. तिथून काही मैलांवर, धाम नदीच्या काठी पवनारला विनोबा राहत. त्यांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचं मौन पाळलं. आणीबाणी आली, देशभर खळबळ उडाली, तरी विनोबांचं म्हणणं लोकांपर्यंत पोचलं ते लिखित शब्दांतूनच, आणि त्या लिखित शब्दांवरून वाद मात्र भरपूर मोठ्या आवाजात झाले.

या दोन मौनांचा आधार घेऊन वर्ध्याला शांततेची राजधानी ठरवण्याचा मोह पर्यटनाच्या पत्रकांना होतो. पण मौनवार पाळणाऱ्या त्याच गांधीजींच्या मोठ्या सभा ज्या ध्वनिक्षेपकांवर होत, त्यांवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी असे. मोटवाने यांची ही कंपनी काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि सभांना ध्वनिक्षेपक पुरवायची. हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाने भोंगा प्रथम ऐकला तो कुठल्या वरातीत नव्हे, स्वातंत्र्याच्या सभेत. लाखभर माणसं एकाच वेळी एकाच माणसाचं बोलणं ऐकू शकतात, या गोष्टीचं तेव्हा अप्रूप होतं. तुकडोजी महाराजांची खंजिरी मात्र ऐकायला जवळच जावं लागे. त्या भजनांनी पेटलेल्या आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ ला ‘चले जाव’चा उठाव झाला, हे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कमी आवाजात मोठं काम होतं, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. आवाज जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंतची माणसं तो ऐकायला स्वतःहून आलेली होती, इतकंच इथे महत्त्वाचं.

गिरणीच्या भोंग्याचंही तसंच. हिंगणघाट आणि पुलगाव ही कापसाने वाढवलेली गावं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि गावाचं घड्याळ गिरणीच्या छपरावर गेलं. पाळी सुरू, पाळी बंद. भोंगा कानठळ्या बसवणारा होता, पण कधी वाजणार आणि कधी थांबणार हे आंधळ्यालाही सांगता यायचं. चूल पेटवायची कधी, पोराला शाळेत पिटाळायचं कधी, हे बायका त्यावरून ठरवत. त्या भोंग्याविरुद्ध कोणी कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही. रेल्वेचंही असंच म्हणता येईल. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग वर्धा आणि सेवाग्रामच्या पट्ट्यात एकत्र येतात, रात्रंदिवस गाड्या धडधडतात. रुळांच्या कडेला फाटकाआधी ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी असते, तिथे चालकाने शिटी वाजवलीच पाहिजे. लोहमार्गालगतच्या वस्तीत लोक त्या शिटीत झोपतात आणि गाडी उशिरा आली तर उलट जागे होतात. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब ही नवी रेल्वे सुरू झाली, तेव्हा देवळीच्या लोकांनी शिटीबद्दल कुरकूर करण्याऐवजी फोटो काढले.

पुलगावचा आवाज वेगळा. तिथे लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली आणि स्फोट झाले. लष्करी अधिकारी आणि आग विझवायला गेलेले जवान मिळून सोळाहून अधिक माणसं गेली. नागझरी, आगरगाव अशा आसपासच्या गावांतली माणसं अंधारात पोरंबाळं घेऊन बाहेर पडली. पुढे २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण मेले. त्यांत तिथे मजुरीला गेलेले आसपासच्या गावांतले लोक होते. निकामी करण्याच्या या कामाचे धमाके त्या भागाला नवे नव्हते. नेहमीचा धमाका कोणता आणि वेळ चुकवून आलेला कोणता, हे कानानेच ओळखायचं असतं. अशा गावात कान हा जीव वाचवणारा अवयव आहे.

आणि याच गावांत आता लग्नाला डीजे लागतो.

विदर्भातल्या वरातीची जुनी वाजंत्री म्हणजे डफडं, सनई आणि गावाच्या ऐपतीप्रमाणे बँड. मग संदल आली, धुमाल आली. नागपूरकडची धुमाल पार्टी गाडीवर की-बोर्ड आणि ढोल चढवून जी लय धरते, ती ऐकून म्हाताऱ्याचेही पाय हलतात, हे अमान्य करण्यात काही शहाणपणा नाही. पण वाजवणारी माणसं थकतात, हे त्या वाद्यांचं एक अंगभूत बंधन होतं. डफडंवाला मधे चहा मागायचा, बिडी ओढायचा. डीजे थकत नाही. पिकअपवर माणसाच्या उंचीहून मोठी खोक्यांची भिंत, मागे जनरेटर, पुढे नवरदेवाचे मित्र. लग्न, तेरवीनंतरचा पहिला सण, निवडणुकीतला विजय, गणपती, देवी, जयंती, नामकरण. कारण कोणतंही असलं तरी खोकी तीच.

या खोक्यांत एक मेख आहे आणि ती कायद्याच्या मापातही आहे. सरकारी मीटर ‘अ’ भाराने आवाज मोजतो, म्हणजे माणसाच्या कानाला जे सूर मंद आवाजात कमी जाणवतात ते हिशेबातून कमी करतो. खर्जातले सूर त्यात सर्वांत जास्त कापले जातात. पन्नास हर्ट्झचा घुमारा असेल तर मीटर तब्बल तीस डेसिबल वजा करून आकडा दाखवतो. डीजेचा बेस नेमका याच टापूत असतो. छातीत धडधडतं, कवेलू थरथरतात, भिंतीवरच्या मांडणीतली भांडी वाजतात, बाळंतिणीचं पोर दचकून उठतं, पण हा सगळा भाग मीटरच्या काट्यात नावापुरताच उतरतो. वर भिंतीने अडतो तो चढा सूर. खर्ज भिंत ओलांडून आत येतो, त्यामुळे दार-खिडक्या लावून घेतल्या तरी गाणं जातं आणि धडधड तेवढी उरते.

बरं, तक्रार करावी तर नियमात तरतूद आहे. मर्यादेपेक्षा दहा डेसिबल जास्त आवाज असेल किंवा रात्रीचं बंधन मोडलं असेल, तर कोणीही तक्रार करू शकतो. ११२ फिरवला की झालं. वर्धा शहरात आर्वी नाक्याजवळ किंवा बजाज चौकाच्या आसपास राहणारा माणूस हे करू शकतो, कारण मंडळाच्या पोरांना त्याचं नाव ठाऊक असेलच असं नाही. दीडशे घरांच्या गावात हे कसं करायचं? डीजे लावणारा चुलत पुतण्या असतो. डीजेवाला शेजारच्या गावचा, आपल्या सोयऱ्याचा पोरगा. पोलीस पाटील त्याच पंगतीत बसलेला. फोन केला तर अर्ध्या तासात अख्ख्या गावाला माहीत होतं की फोन कोणी केला. मग ‘काकाजी, तुमच्या पोराच्या लग्नात आमी काई म्हटलं का?’ असं विचारलं जातं, आणि त्याला उत्तर नसतं, कारण काकाजींच्या पोराच्या लग्नातही डीजेच होता. ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घरचा कर्ता जाऊन हात जोडतो. पोरं अदबीने आवाज कमी करतात, वरात दोन घरं पुढे जाते, आणि मागच्या गल्लीतून पुन्हा तोच दणका सुरू.

मुंबई उच्च न्यायालयाने हे ओळखलेलं दिसतं. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर २३ जानेवारी २०२५ ला न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यातलं वाक्य वर्तमानपत्रांनी उचललं. त्याच निकालात पोलिसांना दुसरीही एक सूचना होती: तक्रारदाराची ओळख पटवत बसू नका आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नका. मथळा पहिल्या वाक्याला मिळाला, उपयोग दुसऱ्याचा जास्त आहे. अडचण इतकीच, की हा इलाज कुर्ल्याला लागू पडतो. गावात नाव गुप्त ठेवायला पोलीस नकोत, गावच मुळी वेगळं हवं.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ ला ध्वनिप्रदूषणावर जो सविस्तर निकाल दिला, त्याची सुरुवात आठवली तर हा प्रश्न झोपमोडीपुरता राहत नाही. अनिल मित्तल या अभियंत्याने १९९८ साली याचिका केली होती. निमित्त एका बातमीचं. तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला, ती मदतीसाठी ओरडत होती, आणि शेजारी भोंग्यावर चाललेल्या गाण्यांत तिचं ओरडणं कोणाला ऐकू गेलं नाही. त्याच संध्याकाळी तिने जाळून घेतलं. डेसिबलचे तक्ते, फटाक्यांच्या मर्यादा, रात्री दहाची वेळ, हे सगळं नंतरचं. मूळ तक्रार अशी होती, की हाक मारली गेली आणि पोचली नाही.

पोलिसांचा मीटर जिथे पोचत नाही, तिथे गावाने स्वतः काही ठरवल्याचं एक उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. दीड तासाने पुन्हा भोंगा, मग ज्याला जे लावायचं ते लावा. गंमत अशी की शांततेची सूचनाही भोंग्यानेच द्यावी लागली. पण तो भोंगा ग्रामसभेत ठरलेला आहे, त्याची वेळ सगळ्यांना माहीत आहे. वर्धा जिल्ह्यातल्या ग्रामसभांनाही ही वाट मोकळी आहे. शेतातल्या यंत्रांच्या बाबतीत तर पोलिसांपेक्षा ग्रामसभाच कामाची. आळीपाळीने वेगवेगळ्या शेतांतले भोंगे चालवले आणि रोज जागा बदलली, तर डुकरांना सवय लागायलाही वेळ लागेल आणि शिवारात माणसाच्या आवाजाला जागा राहील.

समृद्धी महामार्गावर मात्र ग्रामसभेचं काही चालत नाही. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांच्या शिवारातून ताशी १२० किलोमीटर वेगाची एक न थांबणारी रेघ गेली. त्या वेगाला इंजिनाचा आवाज गौण ठरतो. काँक्रीटवर घासणाऱ्या टायरचा सणसणाट वरचढ असतो. रस्त्याचा आवाज एका ठिपक्यातून येत नाही, सलग रेषेतून येतो, त्यामुळे अंतर दुप्पट झालं तरी तो सहाऐवजी तीनच डेसिबलने उतरतो. नागपूर–जबलपूर रस्त्यावर पेंचच्या जंगलातून जाताना वाघांसाठी भुयारी वाटा ठेवल्या आहेत आणि वाहनांचा आवाज व उजेड अडवायला कडेने भिंती उभारल्या आहेत. चांगलंच झालं. वाघाने त्यासाठी ११२ ला फोन केला नव्हता.

सर्वांत जवळून हा सगळा दणका ऐकणारा माणूस कोणत्याच तक्रारीत येत नाही. डीजेच्या गाडीवर खोक्यांना टेकून उभा असलेला, वायरी सांभाळणारा अठरा-वीस वर्षांचा पोरगा. कानात कापूससुद्धा नसतो. कापसाच्या जिल्ह्यात हे विशेष. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसला की कानाला धोका सुरू होतो आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते, असा कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांचा हिशेब आहे. शंभर डेसिबलला पाव तास उरतो. वरात तीन तास चालते आणि मोसमात दिवसाला दोन असतात. हाच पोरगा दिवाळीनंतर हिंगणघाटच्या किंवा देवळीच्या जिनिंगमध्ये कामाला जातो, तेव्हा तिथे कापसातली सरकी काढणाऱ्या दुहेरी रुळांच्या रेच्यांची ओळच्या ओळ खडखडत असते. फरक असा, की आवाजाने आलेला बहिरेपणा कारखान्यांच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत आहे, डॉक्टरने त्याची खबर सरकारला द्यायची असते. पिकअप हा कारखाना नाही. जिनिंगमध्ये मुकादमाने दोनदा हाक मारूनही त्याने मान वळवली नाही, तर तो कामचुकार ठरतो, आणि आठवड्याच्या हिशेबात त्याची अर्धी हजेरी कापली जाते.